‘उत्क्रांती’, ‘निवड’ आणि ‘आनुवंशिक’ या शब्दांच्या वापराविषयी

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

आमच्या वाचनगटात ‘उत्क्रांतीच्या दृष्टीतून आजचे आरोग्य आणि आजची नाती’ या विषयावर मराठीतून मांडणी करायची आहे. टिपणे काढताना काही शब्दांपाशी अडखळायला होते. ‘उत्क्रांती’ म्हटले की ऐकणारा ‘प्रगती’ समजतो. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’साठी अनेक जण सरळ ‘बळी तो कान पिळी’ असे लिहून मोकळे होतात. ‘सेक्शुअल सिलेक्शन’ला, म्हणजे जोडीदार मिळवण्यातील यशापयशातून होणाऱ्या निवडीला, ‘लिंगनिवड’ म्हणावे, तर भलताच अर्थ निघेल. शिवाय ‘दुष्काळात तग धरता यावा म्हणून शरीर चरबी साठवू लागले’ हे वाक्य मला खटकते, पण त्यात नेमके काय चुकते ते सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (पंचवटी)

संस्कृतात ‘उत्क्रान्ति’ म्हणजे बाहेर पडणे, आणि वेदान्तात तर जीवाचे देहातून निघून जाणे. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’ हा श्लोक आणि ब्रह्मसूत्रांतील ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’ हे सूत्र याच अर्थाने वाचायचे असते. त्यामुळेच १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी हा शब्द रूढ झाला आहे म्हणून वापरला खरा, पण संस्कृतात त्याचा अर्थ मृत्यू असा होतो, तेव्हा ‘गुणोत्कर्ष’, ‘गुणपरिणाम’ यांसारखे सांख्यांच्या परिभाषेतील शब्द अधिक योग्य ठरतील, असेही नोंदवून ठेवले. माझ्या मते यांतील ‘गुणपरिणाम’ सर्वांत निर्दोष होता, कारण सांख्यांचा ‘परिणाम’ म्हणजे केवळ रूपांतर. त्यात चढ नाही आणि उतारही नाही. मात्र आजच्या मराठीत ‘परिणाम’ म्हणजे एखाद्या कारणाचे फळ, त्यामुळे ती वाट बंद झाली आहे.

शेजारच्या भाषांचा आधार घेण्यातही फारसा लाभ नाही. बंगालीत ‘विवर्तन’ रूढ आहे, पण वेदान्त्यांच्या लेखी ‘विवर्त’ म्हणजे दोरीवर भासणारा साप, अर्थात खरा नसलेला बदल. हिंदीत ‘क्रमविकास’ आणि नुसते ‘विकास’ असे दोन्ही चालते. ‘विकास’ हा शब्द नाशिककराने ऐकला तर त्याच्या डोळ्यांपुढे उड्डाणपूल आणि बिगरशेती भूखंड उभे राहतील, डार्विन नव्हे. मूळ इंग्रजी शब्दही काही निष्कलंक नाही. त्याच्या लॅटिन धातूचा अर्थ गुंडाळी उलगडणे असा आहे, म्हणजे जे आत आधीच लिहिलेले आहे तेच बाहेर येणे. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९ सालच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम वापरलेच नाही. त्या धातूचे एक क्रियारूप तेवढे ग्रंथाच्या अगदी शेवटच्या शब्दात येते.

म्हणून ‘उत्क्रांती’ हाच शब्द ठेवावा आणि त्यातील ‘उत्’ची चढण उदाहरणांनी मोडावी. अंधाऱ्या गुहांत राहणाऱ्या काही माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या खुरटत जाऊन नाहीसे झाले, तीही उत्क्रांतीच, असे सुरुवातीलाच सांगितले की पुढचे बरेच गैरसमज टळतात.

‘बळी तो कान पिळी’ मात्र पूर्णपणे टाकून द्यावे. ती म्हण अन्यायाविषयी आहे, जीवशास्त्राविषयी नाही. इंग्रजीतील तो वाक्प्रचारही डार्विनचा नव्हे. तो हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञाने १८६४ साली घडवला आणि नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्या वॉलेसच्या आग्रहामुळे डार्विनने १८६९ सालच्या पाचव्या आवृत्तीत घेतला. त्यातील ‘फिट’ म्हणजे दणकट नव्हे, तर आहे त्या परिस्थितीत बसणारा. यासाठी आपल्याकडे वधूवर सूचक मंडळांनी घासून गुळगुळीत केलेला एक चांगला शब्द आहे, तो म्हणजे ‘अनुरूप’. स्थळ अनुरूप असते ते कुणाच्या तरी संदर्भात, स्वतःपुरते नव्हे. जीवाचेही तसेच असते. जेथे ‘फिटनेस’ मोजण्याचा प्रश्न येतो, तेथे ‘तंदुरुस्ती’ न लिहिता ‘मागे राहिलेली संतती’ असे सरळ लिहावे, कारण प्रत्यक्षात मोजली जाते ती तीच.

उत्तर (निफाड)

मी द्राक्ष बागायतदार आहे, भाषेचा अभ्यासक नाही. तरी ‘निवड’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांबद्दल लिहितो. डावणीवर, म्हणजे द्राक्षावरील एका बुरशीजन्य रोगावर, एकाच गटातील बुरशीनाशक पुन्हा पुन्हा फवारले की काही काळाने त्याचा गुण येईनासा होतो. त्यावर आमच्याकडे दोन वाक्ये ऐकू येतात: ‘डावणीला औषधाची सवय झाली’ आणि ‘डावणी औषधाला दाद देत नाही’. दुसरे वाक्य बरोबर आहे, पहिले फसवे आहे. सवय एका जीवाला त्याच्या हयातीत लागते. बागेत घडते ते असे की कोट्यवधी बीजाणूंपैकी ज्या थोड्यांमध्ये औषधाला न जुमानणारा बदल आधीपासून होता, ते उरतात, बाकीचे मरतात, आणि पुढचे पीक उरलेल्यांच्या वंशाचे येते. बुरशीचा एकही कण काही शिकलेला नसतो. ‘सवय’ म्हणणारा मात्रा वाढवत बसतो, तर ‘उरलेल्यांचा वंश’ हे ज्याला समजले तो औषधाचा गट बदलतो. शब्द चुकला तर फवारणीचा खर्च वाया जातो, असा आमचा अनुभव आहे.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या चरबीविषयीच्या वाक्यात मला हेच दिसते. ‘म्हणून’ आणि ‘-साठी’ यांमुळे शरीराला हेतू चिकटतो. मराठीत यावर उपाय तयार आहे, तो म्हणजे ‘ज्यांच्या… त्यांच्या’ अशी रचना: ‘ज्यांच्या अंगी चरबी साठवण्याची प्रवृत्ती अधिक होती, त्यांची मुले दुष्काळात अधिक संख्येने जगली असतील आणि ती प्रवृत्ती पुढच्या पिढ्यांत वाढली असेल.’ वाक्य लांबते, पण खोटे बोलत नाही.

‘निवड’ या शब्दामुळे निवडणारा कोण, हा प्रश्न येतोच. थॉम्पसन सीडलेस या द्राक्षवाणाच्या वेलींतून वेगळी काडी हेरून बागायतदारांनी तास-ए-गणेश आणि सोनाका हे वाण पुढे आणले. तेथे निवडणारा माणूस होता. ‘नैसर्गिक निवड’ यातील ‘नैसर्गिक’ हे विशेषण एवढेच सांगण्यासाठी आहे की येथे असा माणूस नाही. ते प्रशस्तिपत्र नव्हे. घरात तांदूळ निवडतात तेव्हा खडे बाजूला काढतात, आणि नैसर्गिक निवडीचे बरेचसे काम याच जातीचे, म्हणजे गाळून टाकण्याचे असते.

उत्तर (कॉलेज रोड, व्यवसायाने डॉक्टर)

आधी शुद्धलेखन: ‘अनुवांशिक’ असा शब्द नाही. ‘अनुवंश’ला ‘इक’ लागून ‘आनुवंशिक’ होतो. आता अर्थाकडे वळतो. मधुमेहाचा रुग्ण ‘आमच्याकडे आनुवंशिकच आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात ‘आनुवंशिक’, ‘जन्मजात’ आणि ‘अटळ’ हे तिन्ही शब्द एक झालेले असतात. पालकांच्या जनुकांतून आलेले ते आनुवंशिक. जन्माच्या वेळी असलेले ते जन्मजात, मग ते जनुकांतून आलेले असो की गर्भाशयातील परिस्थितीतून.

चरबीच्या ज्या वाक्यावर वर चर्चा झाली, त्याचा इतिहास याच भेदाभोवती फिरतो. जेम्स नील या आनुवंशिकीतज्ज्ञाने १९६२ साली मांडले की उपासमारीच्या काळात उपयोगी पडलेली काटकसरी जनुके आज सुबत्तेत मधुमेहाला कारण होत असावीत. १९९२ साली हेल्स आणि बार्कर या ब्रिटिश संशोधकांनी वेगळे मत मांडले: काटकसर जनुकांत नव्हे, तर गर्भातील कुपोषणामुळे घडलेल्या शरीरात असते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जवळच्या गावांतील मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. मात्र पुण्याची बाळे हडकुळी दिसत असली तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने टिकून होती, कमी होते ते स्नायू. हे लक्षण जन्मजात आहे, एवढे निश्चित म्हणता येते. त्याला ‘आनुवंशिक’ म्हणण्यासाठी वेगळा पुरावा लागतो. नील यांची कल्पना स्वतः अद्याप वादात आहे, म्हणून निफाडच्या दादांनी वापरलेले ‘असतील’ आणि ‘असेल’ मांडणीत जसेच्या तसे ठेवावे, ही विनंती.

उत्तर (पंचवटी)

नात्यांविषयी अजून कुणी लिहिले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. ‘जवळच्या नात्यात लग्न न करणे नैसर्गिक आहे’ असे वाक्य टिपणात असेल तर काढून टाकावे. चुलत, आते, मामे आणि मावस या चारही भावंडांशी आपला रक्ताचा वाटा सरासरी सारखाच, म्हणजे एक अष्टमांश असतो. तरीही महाराष्ट्रातील कित्येक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते, आणि चुलत किंवा मावस बहिणीशी लग्नाचा विचारही कुणी करत नाही. इरावती कर्वे यांच्या नातेसंबंधांवरील लेखनात याची नोंद सापडेल. वेस्टरमार्क या फिनिश समाजशास्त्रज्ञाने १८९१ साली सुचवले की लहानपणी एकत्र वाढलेल्यांना पुढे एकमेकांविषयी आकर्षण वाटत नाही. एका वाड्यात वाढलेल्या चुलत भावंडांना ते लागू पडेल, पण मावशी दुसऱ्या गावी नांदत असेल तर मावस भावंडांचे काय? तेथे रूढीच बोलते. ‘नैसर्गिक’ऐवजी ‘निसर्गात आढळणारे’ लिहून पाहावे. वाक्य उभे राहत नसेल, तर त्यात मूल्यनिर्णय लपलेला आहे असे समजावे.

उत्तर (कॉलेज रोड)

‘लिंगनिवड’ वापरू नये, याविषयी दुमत नसावे. प्रसवपूर्व निदानाविषयीच्या १९९४ च्या कायद्याच्या नावातच हा शब्द प्रतिबंधासाठी येतो आणि सोनोग्राफी केंद्राच्या प्रत्येक फलकावर तोच अर्थ वाचला जातो. ‘जोडीदाराची निवड’ सोपे आहे, पण अपुरे आहे, कारण डार्विनने १८७१ साली या कल्पनेचा विस्तार केला तेव्हा त्यात लांडोरीची पसंती होती, तशीच नरांची आपसांतील झुंजही होती. ‘लैंगिक निवड’ असे दोन सुटे शब्द लिहावेत, पहिल्या उल्लेखाला या दोन्ही बाजू एका वाक्यात सांगाव्यात, आणि पुढे जेथे फक्त पसंतीबद्दल बोलायचे असेल तेथे ‘जोडीदाराची निवड’ म्हणावे.