डोंगरात जायचं ठरवताना झालेल्या फजित्या: तुमच्याही सांगा

पायपीट
काल माळा आवरताना जुनी सॅक सापडली. आतल्या कप्प्यात उत्तराखंडातल्या मिलम हिमनदीच्या ट्रेकच्या परमिटची झेरॉक्स, मागे पेन्सिलनं यादी: खजूर, सुतळी, मेणबत्त्या, आईला सांगणे. शेवटचं राहिलंच, ते मुन्सियारीच्या एसटीडी बूथवरून उरकलं.

२००९. आम्ही पाच जणं. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे जीपमध्ये अख्खा दिवस हाडं खिळखिळी, मग गोरीगंगेच्या काठानं पायी. "सिंहगड दर रविवारी चढतो की" या जोरावर दिवसाला वीस किलोमीटर लिहिले होते. दुसऱ्याच दिवशी वाटेवर दरड. मार्तोलीत पोचलो तेव्हा सुट्टी संपत आलेली. दगडी घरं, दारांच्या चौकटींवर नक्षी, छपरं आत कोसळलेली. १९६२ नंतर तिबेटचा व्यापार थांबला आणि गावं खाली उतरली. उन्हाळ्यापुरत्या वर आलेल्या एका आजींनी फाफरच्या (कुट्टूच्या) रोट्या दिल्या, वर मीठ-मिरची. समोर नंदादेवी. कुणीच बोलेना. तिथूनच परत फिरलो.
आता तुम्ही लिहा.

खादाडखाऊ
हर की दूनचा ट्रेक. आईनं ४० पुरणपोळ्या दिलेल्या. ओसलाच्या अलीकडे खेचर ओढ्यात बसलं ते उठेचना. पुरणपोळ्या, मॅगी, माझे कोरडे मोजे, सगळ्याचा एकच लगदा. खेचरवाला म्हणाला, चव छान आहे 😂

विसरभोळा
बूट!! चार वर्षं कपाटात होते, दिसायला नवे. रूपिन पासच्या ट्रेकला दुसऱ्या दिवशी सोल जिभेसारखा लोंबायला लागला. झाका गावापर्यंत सुतळी गुंडाळून. पायपीट, तुमच्या यादीतली सुतळी वाचून डोळे पाणावले.

मुगडाळ
मी फक्त प्लॅनिंग केलंय. ग्रुपचं नाव अजून "पिन पार्वती २०१४". ५३१९ मीटरचा पास, एक्सेलमध्ये दिवसागणिक जेवणसुद्धा. आता तिथे मुलांचे दहावीचे निकाल येतात.

खादाडखाऊ
@मुगडाळ जेवणाची शीट तरी पाठव

सुमाताई
हसा, पण उंचीची चेष्टा नको. आमच्या अहोंनी डोकं दुखतंय हे दोन दिवस लपवलं, रात्री उलट्या. पहाटे टॉर्चच्या उजेडात खाली आणलं. उतरल्यावर दोन तासांत पोहे मागायला लागले! ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, अधूनमधून एक दिवस विश्रांती. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. आणि त्रास वाढला तर खाली उतरणे, दुसरं औषध नाही. कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

कैरी
सुमाताई, पोहे कुठून आणलेत तिथे?

सुमाताई
घरून. कांदा नव्हता म्हणून रुसलेही.

विसरभोळा
काका थेट भेटायला हवेत 😄
बाय द वे पिठल्याचं तयार पीठ पुण्यात चांगलं कुठे मिळतं? मागच्या वेळचं कडू होतं

कैरी
घरीच बेसन भाजून त्यात मीठ, तिखट, हळद, जिरं कालवून ने. सोपं आहे.
पायपीट, मग मिलम कधी झालं?

पायपीट
नाही झालं. गुडघा आता जिन्यावरही बोलतो. सॅक भंगारात टाकणार होते.

मुगडाळ
टाकू नका. चेन चालते का? मी रविवारी येतो न्यायला.

पायपीट
एक चालते. सुतळी आतच आहे.