टेक्नेशियमच्या ‘जनरेटर’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती: हाडांच्या आणि थायरॉइडच्या स्कॅनसाठी येणाऱ्या रुग्णांकरता माहितीपत्रक मराठीत आणते आहे. वाक्य असं: टेक्नेशियम-९९एम (स्कॅनच्या औषधातलं किरण सोडणारं द्रव्य) रोज सकाळी विभागातल्याच जनरेटरमधून काढतात. मी ‘जनित्र’ लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, “वीज गेल्यावर लागतं तेच ना?” दुसरा शब्द हवा.

परळकर: आम्ही विभागात जनरेटरच म्हणतो आणि काढण्याला मिल्किंग. शिशाच्या कवचात ॲल्युमिनाचा स्तंभ (ॲल्युमिनाच्या भुकटीने भरलेली नळी) असतो, त्याला मोलिब्डेनम-९९ चिकटलेलं. ते ६६ तासांत निम्मं होतं आणि त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं. टेक्नेशियम ६ तासांतच निम्मं होतं, म्हणून आणून साठवता येत नाही. स्तंभातून सलाइन सोडलं की टेक्नेशियम उतरतं, मोलिब्डेनम जागचं हलत नाही. पुन्हा धार काढायला साधारण एक दिवस थांबायचं. इंग्रजीत तर त्याला गायच म्हणतात. ताई, ‘दुभतं’ का नको?

शब्दवेडा: मोलिब्डेनम आई आणि टेक्नेशियम लेक, असं शास्त्रज्ञही म्हणतात. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्त या ग्रंथात ‘दुहिता’ची, म्हणजे लेकीची, एक व्युत्पत्ती ‘दुह्’ म्हणजे धार काढणं यापासूनच दिली आहे. ‘दोहनपात्र’ घ्या, लेक आणि धार एकाच शब्दमुळात येतात.

तुर्भेकर: त्याच ठिकाणी यास्क ‘दूरे हिता’ (दूर असलेली बरी) हीही व्युत्पत्ती देतो, ते सोयीने गाळू नका. आणि आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांत वर्षानुवर्षं स्तंभ नव्हताच. ध्रुव अणुभट्टीत साध्या मोलिब्डेनमवर न्यूट्रॉन पडून जे मोलिब्डेनम-९९ बनतं, त्यात किरणोत्सारी अणू थोडे आणि साधे भरमसाट. एवढा माल लहान स्तंभावर धरत नाही. म्हणून द्रावणात मिथाइल इथाइल कीटोन हा द्रव घालून ढवळायचं. टेक्नेशियम कीटोनमध्ये जातं आणि कीटोन वर येतं, ताकावर लोणी यावं तसं. मग कीटोन उडवून टेक्नेशियम सलाइनमध्ये घ्यायचं. याला दोहन म्हणणार? हे मंथन झालं.

शब्दवेडा: मान्य, पण ताईंच्या विभागात स्तंभ आहे की कीटोन?

नागपूरची मास्तरीण: मधेच बोलते. ‘किरणोत्सारी’ नको, ‘किरणोत्सर्गी’ लिहा. उत्सर्ग म्हणजे बाहेर टाकणं, अर्थ चोख बसतो.

तुर्भेकर: बाई, मुलं शाळेत ‘किरणोत्सारी’ शिकतात. शब्द रुळला की त्याला हात लावू नये.

नागपूरची मास्तरीण: रुळलं ते सगळं बरोबर, असं म्हटलं तर परिभाषा करायचीच कशाला? आणि शाळेतली मुलं हे पत्रक वाचणार नाहीत, त्यांच्या आज्या वाचणार आहेत.

परळकर: आज्यांना दोन्ही शब्दांची सारखीच धास्ती वाटते. त्यांना सरळ सांगावं लागतं: औषधातून किरण निघतात, ते कॅमेरा टिपतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातलं फारच थोडं उरतं.

धागाकर्ती: विभागात स्तंभच आहे. पण पुढच्याच ओळीत ‘कोल्ड किट’ आहे, त्याला ‘थंड कुपी’ चालेल?

परळकर: मुळीच नाही. कोल्ड म्हणजे ज्यात अजून टेक्नेशियम मिसळलेलं नाही, नुसती औषधाची पूड. हाडांसाठी एमडीपी नावाच्या औषधाची असते.

शब्दवेडा: मग ‘कोरी कुपी’.

तुर्भेकर: कोरी म्हणजे लोकांना रिकामी वाटेल. त्यात या किट बहुतेक फ्रिजमध्येच असतात, तेव्हा ‘थंड’ वाचून कुणाला खटकणारही नाही आणि चुकीचा अर्थ तसाच राहील.

नागपूरची मास्तरीण: ‘निष्किरण’?