जुन्या फोटोत मी नक्की कुठली? (कापडावर फोटो उमटवण्याबद्दल सल्ला हवा)

अकरा मिनिटं:

नमस्कार मंडळी. प्रश्न तंत्राचाच आहे, पण आधी थोडं घरचं सांगते, नाहीतर तो कळायचा नाही.

मी जुळ्यांतली एक. हुबेहूब जुळ्या. बहीण माझ्याहून अकरा मिनिटांनी मोठी, आणि पन्नाशी उलटली तरी ती हे विसरू देत नाही. आमचे लहानपणीचे एकत्र फोटो सव्वीस आहेत. कुठली कोण, हे एकटी आई सांगू शकायची. फोटोंच्या मागे तिने नावं लिहिली नाहीत, कारण तिला त्याची कधी गरजच पडली नाही. आता आई नाही. माझं लहानपण मला ओळखता येत नाही, हे वाक्य नाटकी वाटेल, पण ते अक्षरशः खरं आहे.

कपाट आवरताना एक फ्रॉक सापडला. एकाच ताग्यातून दोघींना शिवलेल्यांपैकी. डाव्या बाहीवर दीड इंचाचं रफू. त्या रंगाचा दोरा नसावा, म्हणून गडद तपकिरी दोऱ्याने केलेलं. हे रफू मला पक्कं आठवतं, दंडाला खरखरीत लागायचं. भिंग घेऊन फोटो बघत बसले, तर एका कृष्णधवल फोटोत डावीकडच्या मुलीच्या डाव्या बाहीवर काळसर डाग. सापडले की मी!

मग ठरवलं, हा फोटो सुती कापडावर मोठा उमटवायचा आणि रफूच्या जागी खऱ्या दोऱ्याने रफू करायचं. बस. फुलं-वेली काही नाही. लेझर प्रिंट काढली, जेल मीडियम (चित्रकामातला घट्ट, पारदर्शक लेप) लावून कापडावर पालथी घातली, रात्रभर वाळवली. सकाळी कागद ओला करून बोटाने चोळून चोळून काढला (बोटांची सालं निघाली, ते वेगळंच). आणि बघते तर काय, मी उजवीकडे उभी आणि रफू उजव्या बाहीवर! एवढी खटपट करून स्वतःला शोधलं आणि स्वतःच्याच हाताने उलटं केलं.

शिवाय तो थर रबरासारखा झालाय. सुई अडकते, चुकीचं भोक पडलं की ते बुजत नाही. आणि एका मैत्रिणीने बघून "छान, फ्रेम कर" म्हटलं, तेव्हापासून उगीच राग आलाय. यात माझं काही दिसतंय की नुसती शोभेची वस्तू झालीय?

उलटा टाका:

चित्र उलटणारच हो, शिक्का उलटा कोरावा लागतो तसंच. प्रिंट काढतानाच मिरर करून घ्यायची. इंकजेट वापरू नका, शाई पसरते, लेझरचा टोनरच हवा. वाळल्यावर परत पांढुरकं दिसायला लागलं तर कागदाचे तंतू राहिलेत, पुन्हा ओलं करून हलक्या हाताने चोळा.

पण तुम्हाला मुळात शिवायचंय, तर जेल सोडाच. ते ॲक्रिलिक आहे, कापडावर प्लास्टिकचा पापुद्रा बसतो. सायनोटाइप, म्हणजे उन्हाने उमटणारी निळी छपाई, करून बघा. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचं द्रावण अंधाऱ्या खोलीत कापडाला लावायचं, वाळलं की वर निगेटिव्हची पारदर्शक फिल्म ठेवून उन्हात धरायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं. 1842 मध्ये जॉन हर्शेलने शोधलेली पद्धत, अजून तशीच चालते. रंग धाग्यातच बसतो, त्यामुळे कापड कापडच राहतं आणि सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. कापड आधी धुऊन त्यातली खळ काढा. नंतर मात्र सोडा किंवा कपड्यांची पावडर त्याच्या जवळपासही नको, क्षाराने निळा रंग उडून पिवळट होतो.

डावं-उजवंही तुमच्या हातात. फिल्म एका बाजूने ठेवली तर सरळ, पालथी ठेवली तर उलट.

लाल दिवा:

एक शंका. मूळ फोटो तरी सरळ आहे कशावरून? मी अनेक वर्षं डार्करूममध्ये काढली आहेत. एन्लार्जरमध्ये (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्रात) निगेटिव्ह पालथी बसली की आख्खी प्रिंट उलटी येते, आणि माणसांच्या फोटोत ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. फोटोत अक्षरं, घड्याळ असं काही आहे का बघा. कुणी शर्ट घालून उभं असेल तर खिसा बघा, तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो.

चिंधीचोर:

शोभेची वस्तू व्हायची भीती असेल तर आनेग्रेट झोल्टाऊ या जर्मन चित्रकर्तीचं काम बघा. 1975 मध्ये तिने स्वतःच्या चेहऱ्याभोवती काळा दोरा गुंडाळून फोटो काढले. पुढे स्वतःचे, मुलीचे, आईचे आणि आजीचे फोटो फाडून एकमेकांना शिवले. टाके मुद्दाम ओबडधोबड, जखम शिवल्यासारखे. "फ्रेम कर" म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

आणि माझं ऐकाल तर फोटोच्या मागे लागूच नका, तो फ्रॉक वापरा. लुईझ बूर्ज्वा या शिल्पकर्तीने 2002 मध्ये नव्वदीत कापडाचं एक पुस्तक केलं. पानं तिच्या लग्नातल्या लिननची, आद्याक्षरं भरलेली, आणि वरचे तुकडे जन्मभर जपलेल्या कपड्यांचे. तिने कात्री चालवलीच ना?

उलटा टाका:

तिने चालवली, तिचे कपडे ढीगभर होते. इथे एकच फ्रॉक आहे. कापू नका बाई.

काठावरची:

सगळं वाचलं. बहिणीला विचारलंत का?

अकरा मिनिटं:

नव्हतं विचारलं. लाज वाटली वाचून.

आधी खिसा बघितला. मागे बाबा अर्धवट आलेत, खिसा डावीकडेच आहे. फोटो सरळ. अर्धा तास फार बरं वाटलं. मग बहिणीला फोन केला. रफू म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "माझ्या दंडाला किती टोचायचं ते!"

फ्रॉक दोघींत फिरायचे म्हणे. जिच्या हाताला जो लागेल तो. फाटला तेव्हा अंगात कुणाच्या होता यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो. ती ठामपणे स्वतःचं नाव सांगते. कुंपणाची तारही तिला आठवते, जी मला मुळीच आठवत नाही. पण टोचणं मात्र दोघींना, त्याच जागी.

फ्रॉक कापणार नाही. त्याला कात्री लावायला निम्मा तरी तिचा परवाना लागेल. सायनोटाइपच करते. आता दोन कापडं घेणार, एकावर फिल्म सरळ, दुसऱ्यावर पालथी. काल कागदावर करून बघितलं, ही दोन पाठीला पाठ लावून धरली की बाहीवरचा तो डाग बरोब्बर एकावर एक येतो. म्हणजे रफू एकदाच करायचं, दोन्ही कापडांतून आरपार. एका बाजूने बघाल तर डावीकडची मुलगी, मागून बघाल तर उजवीकडची, दोरा तोच. मागची बाजू बहिणीकडून करून घ्यावी असं डोक्यात आहे. तिचा हात माझ्याहून वाईट आहे, तेच बरं.

आता फक्त दोऱ्याचं सांगा. तपकिरी त्या गडद निळ्यावर अजिबात दिसत नाहीये. आईचाच रंग ठेवू की बदलू?

उलटा टाका:

ठेवा. फोटोतही भिंगानेच दिसत होता ना.