मदत हवी आहे: मांजर मेथीच्या क्रेटमध्ये शी करतेय, आणि लिलीला कळी आलीये

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मांजर कशी घालवू हा प्रश्न नाहीये, त्यामुळे "पोत्यात घालून लांब सोडून या" वाले सल्ले नकोत, ते घरात सासूबाई रोज देतायत.

आम्ही साताऱ्याला, जुनं घर, वर गच्ची. गच्चीत चाळीसेक कुंड्या आणि फळवाल्याकडून आणलेले सहा क्रेट. गेल्या वर्षी पावसात एक पिल्लू पाण्याच्या टाकीखाली येऊन बसलं, दोन दिवस नुसतं ओरडत होतं, ती आमची ठकी. आता चांगली दांडगी झालीये, ऑपरेशन पण करून आणलंय, आणि मी झाडांना पाणी घालायला लागले की पाइपच्या मागे मागे फिरते.

दिवाळीनंतर मेथी पेरली. माती, कोकोपीट, शेणखत, एकदम भुसभुशीत. चौथ्या दिवशी दोन दोन पानं वर आली, मी खूश, आणि पाचव्या दिवशी सकाळी बघते तर अर्ध्या क्रेटमध्ये खड्डा, बाजूला मातीचा ढीग नीट थापटलेला, त्याच्याखाली काय ते सांगायला नको. कोवळी मेथी मुळं वर करून पडलेली. परत पेरली, परत तेच.

संत्र्याची सालं टाकून पाहिली, दोन दिवसांत वाळली की ती त्यांच्यावरच बसते. सासूबाईंनी मला न विचारता तिखट भुरभुरलं, ठकीनं पाय चाटले आणि मग अर्धा तास तोंड जमिनीला घासत होती, मला रडूच आलं. शेजारचे काका डांबरगोळ्या ठेवा म्हणतायत.

आता खरे प्रश्न. एक, क्रेटचं काय करू. दोन, उरलेल्या अर्ध्या क्रेटमध्ये मेथी मस्त आलीये, ती खायची का? तीन, जाऊबाईंना पाचवा महिना आहे, त्या गच्चीत येऊन खुरपतात, सासूबाईंचं म्हणणं मांजरामुळे बाळाला काहीतरी होतं. चार, नर्सरीतून लिलीचे कंद आणले होते त्याला कळ्या आल्यात आणि कुणीतरी म्हणालं मांजराला विष असतं. खरं का? घरात दुसरी एक लिली आहे, पांढऱ्या पानासारख्या फुलाची, ती ठकी अधूनमधून चावते आणि तिला काही झालेलं नाही.

कुंडीबहाद्दर: ताई, ती क्रेट नाहीये, तिच्या दृष्टीनं तुम्ही बांधून दिलेला संडास आहे. कोरडी भुसभुशीत माती दिसली की मांजर उकरणारच. आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत हेच रामायण झालं. उपाय दोन आणि दोन्ही एकदम करायचे. हार्डवेअरवाल्याकडून कोंबड्यांची जाळी आणा, क्रेटच्या मापानं कापा, कडा आत दुमडा नाहीतर बोटं कापतील, आणि मातीवर सपाट अंथरून चार दगड ठेवा. मेथी भोकांतून वर येते, पंजाला उकरता येत नाही. आणि गच्चीच्या एका कोपऱ्यात तिला स्वतःचा क्रेट द्या, नुसती कोरडी रेती, वर पत्रा धरा म्हणजे भिजणार नाही. नुसतं बंद केलंत आणि दुसरी जागा दिली नाहीत तर ती तुमच्या गुलाबाकडे वळेल. डांबरगोळ्या अजिबात नको, मांजराला विषारी आहेत.

जनावरांचा डॉक्टर: लिलीचं आधी, कारण ते घाईचं आहे. कंदाला उंच दांडा येऊन मोठी फुलं येणारी, एशियाटिक वगैरे जी मिळते, ती मांजराच्या किडन्या घालवते. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय अंगावर पडलेले परागकण चाटले तरी. आधी उलट्या, लाळ, खाणं बंद, मग एक ते तीन दिवसांत किडनी फेल. खाल्ल्याची शंका जरी आली तरी वाट बघू नका, पहिल्या 18 तासांत सलाईन लागलं तर वाचायची आशा चांगली असते. आजच ती कुंडी घराबाहेर काढा. तुमची दुसरी ती पीस लिली, नावालाच लिली. तिनं तोंड चुरचुरतं, लाळ गळते, मनी प्लांटचंही तसंच, किडनीला धोका नाही. तरी उंचावर ठेवा.

जाऊबाईंचं. सासूबाई अगदीच चूक नाहीत, पण दोष मांजर कुशीत घेण्याचा नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे, उंदीर किंवा कच्चं मांस खाऊन मांजराला होतो, आणि पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडे शीतून बाहेर पडतो. ती शी ताजी असताना लागण होत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रेतीचा क्रेट रोजच्या रोज साफ करायचा, आणि तो जाऊबाईंनी नाही करायचा. मातीत मात्र तो महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे त्यांनी बाळंतपण होईपर्यंत हातमोजे घातल्याशिवाय खुरपं धरू नये, सगळ्यात बरं म्हणजे धरूच नये. अर्धंकच्चं मटणही नको. त्यांच्या डॉक्टरांना रक्ततपासणीचं विचारून घ्या.

मेथी उपटून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्येही नको, घरच्या डब्यात तेवढी उष्णता होत नाही. आणि ती मातीही भाजीला परत वापरू नका.

रानभाजीवाली: एक गंमत सांगते. कुंड्यांत खोकली उगवते ना, ते तण, खाली कपासारखी हिरवी फुलं असतात? ती मुळासकट उपटा आणि मूळ ठकीला हुंगायला द्या. आमचा बोका त्यावर लोळतो, लाळ गाळतो, पाच मिनिटं वेडा होतो. रेतीच्या क्रेटजवळ टाकून बघा, जागा आवडायला लागेल.

(मूळ धागालेखिका): सगळ्यांचे आभार. मेथी टाकली, जीव तुटला पण टाकली. कोपऱ्यात रेती ठेवलीये. खोकली तीन कुंड्यांत होती, मी इतकी वर्षं उपटून फेकतेय! ठकीनं मूळ दोन पायांत धरून असं काही डोकं घासलं की सासूबाई हातातलं वाळवण सोडून बघत उभ्या राहिल्या, आणि संध्याकाळी त्यांनीच खालच्या अंगणातून आणखी दोन उपटून आणल्या, वर म्हणतात "तण काढत होते". तिसऱ्या दिवशी रेतीत गेली. नव्या मातीत पेरून जाळीही अंथरलीये, फक्त दुपारी ती उन्हात त्या जाळीवरच ताणून देते, खालून मेथी तिच्या पोटाला टोचत असेल तरी हलत नाही.

लिली नणंदेला दिली. तिच्याकडे मांजर नाही पण कुत्रा आहे, कुत्र्याला चालते ना??

जनावरांचा डॉक्टर: कुत्र्याच्या किडनीला काही होत नाही, खाल्ली तर पोट बिघडेल. आणि नणंदेकडून आलात की ठकीला घ्यायच्या आधी साडी झटका, पराग असतात.