८ जनावरांसाठी कडबाकुट्टी (चारा कापायचं मशीन) घ्यायचीय, २ एचपी का ३ एचपी? मदत हवी आहे

राम राम मंडळी, मंगळवेढ्याजवळ वस्तीवर आमचा गोठा आहे, ६ एचएफ (होल्स्टीन) गाई आणि २ कालवडी. आजपर्यंत हाताने फिरवायच्या कुट्टीवर भागवलं पण आता गडी मिळत नाही आणि वडिलांचा खांदा धरलाय, त्यामुळे मोटरवरची घ्यायचं नक्की केलंय. चारा म्हणाल तर मालदांडी ज्वारीचा कडबा घरचा, विहिरीकडेला २० गुंठे नेपियर गवत आणि साखर कारखाने चालू झाले की उसाचं वाढं (शेंड्याचा पाला). दिवसाला दीडशे किलोच्या आसपास ओला आणि ३०-४० किलो सुका कापावा लागेल असा अंदाज आहे.

खरी अडचण लाईटची. थ्री फेज फक्त मळ्यात, ती पण कधी दिवसा कधी रात्री, आणि गोठा घराशेजारी जिथं सिंगल फेज आहे अन संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की पंखा पण मलूल फिरतो. एक दुकानदार म्हणतो ३ एचपीच न्या नंतर रडाल, दुसरा म्हणतो २ एचपी बास झाली. पुढच्या वस्तीवर एकांची २ एचपी आहे, कडब्याला सुसाट चालते पण नेपियर टाकला की तोंडाशी गुंडाळा होतो आणि मोटर नुसती हूं हूं करत बसते. आता यात दोष मोटरचा का पात्यांचा का टाकणाऱ्याचा तेच कळंना.

अजून एक, तुकडा किती लांब ठेवता? अख्खा कडबा टाकला की आमच्या गाई पाला ओढून खातात आणि बुडखे तसेच, सकाळी गव्हाणीत चघाळच (न खाल्लेला चारा) जास्त. वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदारांचं ऐकून झालंय.

गोठेवाला_सांगोला: दादा त्या वस्तीवरच्या मशीनची पाती आधी बघा. धार गेली की कडबा कसाही तुटतो पण ओला नेपियर कापला न जाता चेचला जातो आणि गुंडाळतो. फिरतं पातं आणि तोंडाची पट्टी यातला गॅप पण वाढलेला असणार, कागद धरून हाताने चाक फिरवा (मेन स्विच बंद करून बरं का), कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. ८ जनावरांना २ एचपी भरपूर होते. कमी व्होल्टेजला ३ एचपी सिंगल फेज म्हणजे अजून जास्त अँपिअर ओढणार, मग कंडेन्सर जा, वाइंडिंग जळ, हेच चालू. मशीनपेक्षा मीटर ते गोठा वायर जाड टाका, खरा फरक तिथं पडतो. आणि कुट्टी सकाळी लाईट भरात असताना करा.

दूधवाली_ताई: तुकडा साधारण एक इंचाचा ठेवा भाऊ. बुडखं बारीक झालं की निवडून खाता येत नाही, चघाळ एकदम कमी होतं. पण काही जण पार भुसा करतात ते नको, गाय रवंथ कमी करते आणि दुधाची फॅट खाली येते, मग डेअरीत दर कापला की आपणच बोंबलतो. वाढं रोजच्या रोज एकटंच घालू नका, त्यातल्या ऑक्झलेटने कॅल्शियम अडकतं, कडब्यात मिसळा आणि मिनरल मिक्श्चर चालू ठेवा.

माळरान: एचपीचं होईल काहीतरी, रिव्हर्स गिअरचा दांडा (अडकलेला चारा उलटा बाहेर काढायला) आहे का ते बघून घ्या. चारा टाकायचं तोंड लांब पाहिजे म्हणजे हात रोलरपर्यंत पोचत नाही, मोटरच्या पट्ट्यावर जाळी पाहिजे. उपरणं, पदर, सैल बाही घेऊन कुणी उभं राहायचं नाही आणि अडकलं तर आधी बटण बंद, मग हात. आमच्या गावात एकाची तीन बोटं गेलीत म्हणून सांगतोय.

धागाकर्ता: लय आभार सगळ्यांचे. मग २ एचपीच बघतो, रिव्हर्सवाली. मीटरपासून गोठा शंभर फुटावर आहे, वायर बदलावीच लागणार. फक्त सकाळी कापलेली ओली कुट्टी संध्याकाळपर्यंत टिकते का? ढिगात हात घातला तर गरम लागते.

दूधवाली_ताई: ढीग करूच नका. सावलीत पातळ पसरा, संध्याकाळपर्यंत काही होत नाही. दुसऱ्या दिवसासाठी मात्र ठेवू नका, आंबूस वास आला की गाई तोंड लावत नाहीत. कडब्याची कुट्टी आठवड्याची करून ठेवली तरी चालते, पावसाचं पाणी लागू देऊ नका.