मदत हवी आहे: दहा हजार मीटरवरून मॅरेथॉनला कधी वळावं?

मैदानप्रमुख:
नाशिकच्या एका कॉलेजात क्रीडा विभाग सांभाळतो. आमच्या एका मुलाबद्दल सल्ला हवा आहे. वय २१, वजन ५४ किलो. ५००० मीटर १५:१०, १०,००० मीटर ३१:३५. आंतरविद्यापीठ स्पर्धा झाल्या, पदवी संपत आली. आठवड्याला ७०-७५ किमी पळतो, सर्वांत मोठा लाँग रन (एका दमात लांब पळणं) १८ किमी. आता त्याच्या मनात जानेवारीची मुंबई मॅरेथॉन आहे, हाताशी सहा महिने. त्या नादात मायलेज, म्हणजे आठवड्याचे किलोमीटर, एकदम ११० वर नेलं आणि उजवी नडगी आतल्या बाजूने दुखायला लागली. मॅरेथॉन यंदाच करावी का? मायलेज कसं वाढवावं? खाण्याचं काय?

डांबरीवाट:
सर, आधी नडगी. हाडाच्या आतल्या कडेवर बोट दाबत खालून वर जा. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त ताणाने हाडालगत आलेली दुखरी सूज. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. हाडाला बारीक चीर असली तरी पहिले दोन-तीन आठवडे ती एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून लगेच पळायला सोडू नका.

यंदा पूर्ण मॅरेथॉन नको, हाफ (अर्धी मॅरेथॉन, २१ किमी) करू द्या. ३१:३५ वाल्याकडून हाफ १ तास १० मिनिटांच्या आसपास अपेक्षित आहे. कागदावर मॅरेथॉन २ तास २५ मिनिटं दिसते, पण ते गणित आठवड्याला १२० किमीची सवय असलेल्या पायांचं. ७५ किमीवाला ३:३० च्या पेसने (किलोमीटरला साडेतीन मिनिटं) तिसाव्या किलोमीटरपर्यंत आरामात जाईल. पुढे स्नायूंतला ग्लायकोजनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा संपतो, मांड्या डांबराचे धक्के झेलेनाशा होतात आणि किलोमीटर साडेचार मिनिटांवर जातो. दम शिल्लक असतो, पाय नसतात. आपल्या नाशिकच्या धावपटू कविता राऊत यांचंच पाहा: राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरचं कांस्य २०१० ला, ऑलिंपिकची मॅरेथॉन २०१६ ला. एकविशीच्या मुलाकडे वेळ आहे.

मायलेज: नडगी शांत झाल्यावर ७५ पासूनच सुरुवात. तीन आठवडे ७५, ८०, ८५, चौथ्यात ६५. अशा टप्प्यांनी वर्षभरात १२०. वाढवायचं ते फक्त सोपं पळणं, ४:३० ते ४:५० ने, सलग बोलता येईल असं. इथेच पोरं चुकतात, सोपा दिवसही चारने मारतात. जोराचे दिवस दोनच: एकदा इंटर्व्हल, ६ × १००० मीटर ३:१० ने, मध्ये ९० सेकंद जॉग; एकदा ८ किमी टेम्पो (सलग, एकसारख्या जोराने) ३:२० ते ३:२५ ने. ट्रॅक सोडू नका, वेग तिथूनच येतो. लाँग रन दर पंधरवड्याला २ किमीने वाढवत ३२-३५ पर्यंत. पूर्ण मॅरेथॉनच्या आधीच्या तीन महिन्यांत त्यातले शेवटचे ८-१० किमी ३:३० ने.

तो रोज त्र्यंबक रोडच्या एकाच कडेने पळतो का, तेही विचारा. रस्ता कडेला उतरता असतो, ताण एकाच पायावर पडत राहतो. सोपे रन गोल्फ क्लबच्या किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर करा.

गूळशेंगदाणा:
खाण्याबद्दल. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातल्या लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं आणि मुलगा नुसता 'थकतोय' एवढंच दिसतं. जेवणावर लगेच चहा बंद, त्याने लोह अंगी लागत नाही. गोळ्या मात्र रिपोर्ट बघून डॉक्टर देतील तेव्हाच.

पूर्ण मॅरेथॉनआधी दोन दिवस किलोमागे ८-१० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे याला रोज ४३० ते ५४० ग्रॅम. ती भात, पोळी, केळी, गूळ यांतून घ्या. भाकरी-उसळ एरवी उत्तम, पण त्या दोन दिवसांत चोथा पोटात गडबड करतो. पळताना तासाला ६० ग्रॅम. साधारण २५ ग्रॅम कर्बोदकांचं एक जेल (पळताना चोखायची गोड पाकासारखी पुडी) दर २५ मिनिटांनी, सोबत पाणी. लाँग रनमध्ये सराव नसेल तर ऐन शर्यतीत पोटात कळ येणारच.

आणि सलाइन! थकवा घालवायला बाटली लावून घेणं एलिट गटात महागात पडेल. रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराखेरीज १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं डोपिंग नियमांत बंदच आहे, आत साधं मिठाचं पाणी असलं तरी. सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिनही स्पर्धेच्या वेळी अडकवू शकतं. त्याला हे आत्ताच सांगा.

मैदानप्रमुख:
दाबून पाहिलं. दुखणं वीतभर पसरलेलं आहे, उडी मारता येते, रात्री ठणका नाही. रोज त्र्यंबक रोडच, एकाच कडेने. हाफ ठरली.

डांबरीवाट:
मग दोन आठवडे ३५-४० किमी, सगळं मातीवर, इंटर्व्हल बंद. पोटऱ्यांसाठी पायरीवर टाचा उचलणं, १५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, एक दिवसाआड. पळून झाल्यावर दुखणं वाढलं किंवा एका जागी गोळा झालं तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

मुंबईसाठी एक तयारी वेगळी. जानेवारीत आपल्याकडे पहाटे कडाका असतो, तिथे दमट. शेवटचे दोन आठवडे काही सोपे रन दुपारी चारला करून घ्या, अंगाला घामाची सवय होते. आणि सुरुवातीला जमेल तितकं पुढे उभं करा. अधिकृत वेळ बंदुकीपासून मोजतात, मागे अडकलेले सेकंद परत मिळत नाहीत.