मदत हवी आहे: किशोरवयीन मुलाला काही वाटत नाही, की तो ते दाबून टाकतो?

नमस्कार. मी शालेय समुपदेशक आहे. सध्या माझ्याकडे एक किशोरवयीन विद्यार्थी येतो. ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत. तो आपल्याहून लहान मुलांना ठरवून त्रास देतो, पकडला गेला तरी ओशाळत नाही आणि समोरचे मूल रडत असतानाही अगदी निर्विकार आवाजात बोलतो. शिक्षकांनी त्याला निर्दय ठरवून टाकले आहे. मला ती घाई करायची नाही.

२०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन नियमावलीत, वर्तनविकाराच्या निदानाला ‘मर्यादित समाजाभिमुख भावना’ अशी एक पुरवणी जोडली गेली. पश्चात्तापाचा अभाव, इतरांच्या भावनांविषयी बेपर्वाई, स्वतःच्या कामगिरीची फिकीर नसणे आणि उथळ भावना, या चारांपैकी किमान दोन लक्षणे किमान बारा महिने, एकाहून अधिक नात्यांत आणि ठिकाणी दिसावी लागतात. शाळेतले वागणे पाहता हा मुलगा त्यात बसेल असे वाटते. मात्र आईच्या सांगण्यानुसार तो रात्री दचकून उठतो, दार आपटले की अंग आक्रसून घेतो आणि वडिलांच्या मारण्याचा विषय निघाला की खोलीतून निघून जातो. ज्याला काही वाटतच नाही, त्याला एवढी भीती का वाटावी?

भावनांच्या नियमनासंबंधी वाचताना मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी केलेला भेद मला महत्त्वाचा वाटला: घटनेकडे वेगळ्या अर्थाने पाहून भावनेची तीव्रता कमी करणे निराळे आणि उमटलेली भावना चेहऱ्यावर येऊ न देणे निराळे. हा मुलगा दुसरे करत असेल, तर ते बाहेरून कसे ओळखावे? वरच्या चार लक्षणांसारखे निष्ठुर-भावशून्य गुणविशेष मोजणारी प्रश्नावली त्याच्याकडून भरून घेतली, तर तिच्यावर किती विसंबावे? आणि तोवर पालकांना काय सांगावे?

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. निष्ठुर-भावशून्य गुणविशेष दिसणाऱ्या मुलांचे दोन गट मानले जातात. प्राथमिक गटात चिंता कमी असते, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखणे जड जाते आणि भेदरलेले चेहरे पाहताना अमिग्डलाचा (मेंदूतील भीतीशी निगडित भागाचा) प्रतिसादही मंद आढळला आहे. दुय्यम गटातील मुलांत चिंता तीव्र असते, पूर्वायुष्यात बहुधा छळ किंवा आघात असतो आणि रागाचे झटके येतात. त्यांची बधिरता हे बरेचदा स्वसंरक्षण असते. म्हणून चिंता आणि आघाताचा इतिहास स्वतंत्रपणे तपासा, कारण केवळ वर्तन पाहून हे दोन गट वेगळे करता येत नाहीत.

तुम्ही म्हणता त्या, मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रिक यांच्या प्रश्नावलीत २४ विधाने असून निष्ठुरता, बेपर्वाई आणि भावशून्यता असे तीन उपविभाग आहेत. नेमकी गोम तिसऱ्यात आहे. ‘मी माझ्या भावना लपवतो’ अशा आशयाची विधाने त्यातच येत असल्याने, भावना दाबणाऱ्या मुलाचेही गुण तेथे वाढू शकतात. त्यामुळे एकूण बेरजेवर जाऊ नका. हवे ते मिळवताना कोणाला इजा झाली तरी चालते, अशा अर्थाच्या विधानांना तो काय उत्तर देतो ते पाहा आणि शिक्षक व आई यांच्याकडूनही वेगळी प्रश्नावली भरून घ्या. मानसशास्त्रज्ञ ग्राट्झ आणि रोमर यांची २००४ची भावनियमनातील अडचणींची मापनी सोबत वापरलीत, तर आपल्याला काय वाटते हे त्याला उमगते का, याचाही अंदाज येईल.

घरात मारहाण चालू असेल, तर या सगळ्याच्या आधी त्याची सुरक्षितता पाहावी लागेल. बालसंरक्षणाची जी प्रक्रिया तुम्हाला लागू असेल ती लगेच सुरू करा. शिक्षा वाढवून काही साधणार नाही. प्राथमिक गटातील मुलांवर शिक्षेचा परिणाम कमी होतो आणि दुय्यम गटात ती मूळ जखमच खोल करते. चांगल्या वागणुकीची तत्काळ दखल आणि आईची ऊब यांचा उपयोग मात्र दोन्ही गटांत होतो. हे गुणविशेष पक्के आणि कायमचे असतात असे समजू नका. पालकत्वातील जिव्हाळा वाढल्यावर ते कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. तिसऱ्या उपविभागाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बालसंरक्षणाची प्रक्रिया आजच सुरू करते आणि चिंतेची तपासणी बालमानसोपचारतज्ज्ञांकडून करून घेते. एक प्रश्न उरतो: मुलाचा विश्वास न मोडता, घरची माहिती उघड न करता, शिक्षकांची त्याच्याशी बोलण्याची पद्धत बदलायची असेल, तर त्यांना नेमके किती सांगावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया लिहावे.